ओव्हीएसवर बीएफडी: आठ महिने वापरल्यानंतर

बीएफडी म्हणजे दोन टोकांमधली वाट खरंच जिवंत आहे का, हे सतत तपासत राहणारी पद्धत. ती मी ओव्हीएसवर, म्हणजे ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचवर, का आणि कशी लावली त्याची ही गोष्ट. गेल्या गणपतीत आमच्या ऑफिसात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधली फायबर उंदरानं कुरतडली. बाप्पाचंच वाहन, बोलणार काय! पण घोळ उंदराचा नव्हता, माझा होता. दोन मजल्यांवर एकेक केव्हीएम सर्व्हर (ज्यावर आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालतात), दोन्हींवर ओपन व्हीस्विच, आणि मध्ये दोन वेगवेगळ्या वाटांनी गेलेले दोन व्हीएक्सलॅन टनेल, म्हणजे व्हीएमचं ट्रॅफिक दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारे बोगदे. एक वाट गेली तर फास्ट फेलओव्हर ग्रुप (ओव्हीएसमधला, जिवंत पोर्ट निवडणारा नियम) ट्रॅफिक दुसरीवर ढकलेल, या भरवशावर मी निवांत. वाट गेली, ट्रॅफिक मात्र जागचं हललं नाही. साहेबांचा फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, पोर्ट अप आहे." आणि तो खरंच अप होता!

सर्व्हरची केबल आपल्याच मजल्यावरच्या स्विचला लागलेली. तो स्विच जिवंत, म्हणून कॅरिअर, म्हणजे केबलवरचा सिग्नल, जिवंत. तुटलं ते दोन स्विचांच्या मधलं. व्हीएक्सलॅनच्या पोर्टला तर धड कॅरिअरही नाही. लिनक्समध्ये त्याची अवस्था 'अननोन' दिसते, पलीकडचं टोक जळून खाक झालं तरी तीच. फेलओव्हर ग्रुप बिचारा ज्या पोर्टवर नजर ठेवून होता, तो त्याच्या लेखी ठणठणीत होता.

त्या रात्रीच बीएफडी लावायला घेतलं. त्याचं प्रमाणपत्रक (इंटरनेटचे नियम ठरवणारा दस्तऐवज) आरएफसी ५८८०, २०१० सालचं, म्हणजे नवीन काही नाही. दोन्ही टोकं ठरावीक वेळानं एकमेकांना छोटं पॅकेट पाठवतात, सलग तीन चुकली की लिंक मेली. ओव्हीएसमध्ये हे पॅकेट टनेलच्या आतूनच जातं, म्हणून तपासणी पूर्ण वाटेची होते. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

पहिल्याच रात्री मी एका टोकाला चालू केलं आणि दुसरं उद्या करू म्हणून घरी निघालो. लिफ्टपर्यंतही पोचलो नसेन. पलीकडून उत्तर येत नाही म्हटल्यावर टनेल 'डाऊन' ठरला आणि चांगली वाट मी स्वतःच्या हातानं बंद केली. तेव्हा दोन्ही टोकं एकाच बैठकीत करा.

नंतरचा धडा आकड्यांचा. मिन-टीएक्स, म्हणजे आपण किती वेळानं पॅकेट पाठवायचं तो आकडा, डिफॉल्टलाच १०० मिलिसेकंद असतं, म्हणजे तीनशेत लिंक गेल्याचं कळणार असा माझा हिशोब. दर ०.२ सेकंदाला एक असा पिंग लावला, पॅच पॅनलवरची केबल उपटली. सीक्वेन्स २१२ नंतर थेट २२७. तीन सेकंद! डोकं खाजवत बसलो. मिन-आरएक्स, म्हणजे आपण किती वेळानं पॅकेट घ्यायला तयार आहोत तो आकडा, डिफॉल्टला १००० आहे, आणि पाठवणारा आपलं मिन-टीएक्स आणि समोरच्याचं मिन-आरएक्स यांतलं जे मोठं, तेच धरतो. तुम्ही कितीही घाई करा, समोरचा म्हणेल तोच वेग. ओव्हीएस-ॲपसीटीएल या कमांडच्या बीएफडी शोमध्ये दोन्ही बाजूंचे आकडे दिसतात. मी आधी फक्त माझ्या बाजूचे वाचत होतो.

मग मारलं मिन-आरएक्सही १०० वर, दोन्हीकडे. तीनशे मिलिसेकंद मिळालेही. सकाळी येऊन पाहतो तर फ्लॅप काउंट, म्हणजे लिंक किती वेळा वर-खाली झाली तो आकडा, ४६. रात्री दोनला बॅकअप सुरू होतो, सीपीयू कोंडतो, पॅकेट उशिरा निघतात आणि धडधाकट लिंक मेलेली ठरते. सारखी वाट बदलणं हे लिंक जाण्यापेक्षा वाईट, कारण टीसीपीला दम धरायला मिळत नाही. आता दोन्हीकडे दोन्ही आकडे ३०० आहेत, म्हणजे साधारण ९०० मिलिसेकंद. एक सेकंदाच्या आत आमच्या टॅलीवाल्यांना काही कळतही नाही. पैसे देऊन पन्नास मिलिसेकंद मागणारे तुमचे ग्राहक असतील तर भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र बीएफडी पकडत नाही, आणि ती मला डिसेंबरात कळली. कुणीतरी मधल्या स्विचवरचा जंबो एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची वाढवलेली कमाल मर्यादा, परत १५०० बाइट केला. व्हीएक्सलॅन स्वतःचे ५० बाइट वर चढवतो, व्हीएमचे १५०० आत मावेनात. पिंग चालू, लॉगिन चालू, मोठी फाइल टाकली की अडकली. बीएफडी निवांत 'अप', कारण त्याचा मजकूर जेमतेम २४ बाइट. लिंक मेली नव्हती, अरुंद झाली होती. दोन दिवस मी फायरवॉलवाल्याशी भांडलो. आता टनेलमधून मोठ्या आकाराचा, फ्रॅगमेंट न होणारा (तुकडे करून पुढे न जाणारा) पिंग क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतून, वेगळा पाठवतो.

कागदपत्रं वाचताना फॉरवर्डिंग-इफ-आरएक्स नावाची सोयही सापडली. ती लावली तर पॅकेट येत असेपर्यंत लिंक जिवंत धरली जाते. बॅकअपच्या कोंडीवर हा उतारा बरा वाटतो, पण एकतर्फी तुटलेल्या वाटेवर हीच सोय फसवेल, म्हणून मी हात लावलेला नाही.

तक्रार एकच: फ्लॅप झाला की ओव्हीएस स्वतःहून कुणाला उठवत नाही. मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे, काउंट वाढला की मेल येतो. गेल्या महिन्यात दोनदा आला. एकदा मीच केबल उपटून बघत होतो. दुसऱ्यांदा पुन्हा उंदीर, पण या वेळी साहेबांचा फोन आला नाही.