रिफंडही आला आणि पार्सलही: ठेवायचं, पैसे भरायचे की परत पाठवायचं?

पार्सल हरवलं असं समजून तुम्ही तक्रार केलीत, विक्रेत्याने फारशी खळखळ न करता पैसे परत केले आणि विषय मिटला. मग एक दिवस तेच पार्सल दारात हजर. कोपरे चेपलेले, वर वेगवेगळ्या केंद्रांची स्टिकरं एकावर एक चिकटवलेली. आता वस्तूही तुमच्याकडे आणि पैसेही तुमच्याकडे. इथून चार वाटा फुटतात: गप्प राहून ठेवून घेणं, कळवून पैसे भरणं, कळवून वस्तू परत पाठवणं, किंवा दारातूनच 'नको' म्हणणं. त्यातली कोणती धरायची, हे ठरवणाऱ्यासाठी ही तुलना.

आधी रिफंडचा मेल उघडून नीट वाचा, कारण काही वेळा प्रश्नच उरत नाही. 'उशिराबद्दल दिलगिरी म्हणून पैसे परत करत आहोत, पार्सल आलं तर ठेवून घ्या' असं लिहिलं असेल, तर वस्तू तुमची झाली. स्वस्त वस्तू परत मागवण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो, म्हणून बरेच विक्रेते असं आपणहून सांगतात. अशा वेळी उगाच संकोच करू नका. पण मेलमध्ये 'पार्सल सापडत नाही, सबब पैसे परत' एवढंच असेल, तर पैसे एका गृहीतकावर परत आलेत, आणि ते गृहीतक आता तुमच्या दारात चुकीचं ठरलंय. खालची सगळी चर्चा या दुसऱ्या प्रकाराची.

गप्प राहणं

ही सगळ्यात सोपी वाट, आणि तिची बाजू अगदीच लंगडी नाही. चूक तुमची नव्हती. मनस्ताप तुम्हाला झाला, हेल्पलाइनवर तेच तेच सांगण्यात वेळ तुमचा गेला. पण या सगळ्याची भरपाई मागायची असेल तर ती मागून घ्यावी. समोरच्याला न सांगता स्वतःच ठरवून घेतलेली भरपाई फार वेगळी गोष्ट आहे.

'एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो' हे वाक्य तर हमखास ऐकू येतं. ते बहुतेक वेळा पैशाचा प्रवास माहीत नसल्यामुळे येतं. मोठ्या बाजार-ॲपवर नाव ॲपचं दिसतं, पण माल कुणा तरी छोट्या विक्रेत्याचा असतो. 'मिळालं नाही' ही तक्रार मान्य झाली की परत दिलेली रक्कम अनेकदा त्या विक्रेत्याच्या पुढच्या हिशेबातून वळती होते. माल गेलेला, पैसे गेलेले, पाठवणीचा खर्चही गेलेला. कधी ॲप स्वतःच्या हमीतून भरतं, कधी कुरियरकडे हरवल्याचा दावा लावला जातो. नेमकं कुणाच्या खिशातून गेलं, हे तुम्हाला ऑर्डरच्या पानावर दिसत नाही. म्हणूनच 'मोठ्या कंपनीचे पैसे' असं धरून चालणं सोयीचं असलं तरी खात्रीचं नाही.

दुसरा गैरसमज कायद्याचा. 'न मागता आलेली वस्तू ही भेटच' असं ठणकावून सांगणारे भेटतात. असे नियम आहेत खरे: अमेरिकेत 1970 पासून, आणि युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशातही न मागवलेल्या मालाचे पैसे ग्राहकाकडून मागता येत नाहीत. पण ते नियम आधी वस्तू पाठवायची आणि मग बिल लावायचं, या उचापतीसाठी केलेले आहेत. तुम्ही तर ही वस्तू स्वतः निवडून, पत्ता घालून मागवली होती. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 72 उलट बाजूने बोलतं: चुकून दिलेले पैसे किंवा चुकून पोचवलेली वस्तू ज्याला मिळाली, त्याने ती परत केली पाहिजे. असल्या रकमेसाठी कुणी कोर्टाची पायरी चढणार नाही, हे उघड आहे. पण 'कायद्याने ती माझीच' हा आधार मात्र घेता येत नाही.

पकडले जाण्याचा प्रश्नही लोक दबक्या आवाजात विचारतात. ट्रॅकिंग असलेलं पार्सल पोचताना स्कॅन होतं आणि रिफंड झालेल्या ऑर्डरवर 'डिलिव्हर्ड' उमटतं. ते कुणी बघेल का? बघेलही, नाहीही. पुन्हा तशीच तक्रार करायची वेळ आली आणि ती अगदी खरी असली, तरी जुनी नोंद तुमच्या विरोधात जाऊ शकते. मला मात्र हे कारण दुय्यम वाटतं. साधं, ट्रॅकिंग नसलेलं पाकीट असेल तर कुणाला कधीच कळणार नाही, आणि खरी निवड तिथेच असते.

लोक अशा वेळी काय करतात याबद्दल आपण उगाच वाईट धरून चालतो. 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांहून अधिक 'हरवलेली' पाकिटं हॉटेल, बँक, टपाल कार्यालय अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे सोपवली गेली. पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा पैसे असलेल्या पाकिटांबद्दल मालकाला कळवण्याचं प्रमाण जास्त निघालं: साधारण 40 टक्क्यांच्या जागी 51 टक्के. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की रक्कम वाढली की आपण चोर ठरू ही टोचणीही वाढते. अर्थात पाकिटात मालकाचं नाव आणि ईमेल दिसत होता. ऑर्डरच्या पानावर विक्रेत्याचा चेहरा नसतो, म्हणून टोचणी बोथट होते.

पैसे भरून ठेवणं की परत पाठवणं

खरी तुलना या दोघांत आहे. परत पाठवणं जास्त सज्जनपणाचं वाटतं, पण वस्तू तुम्हाला अजून हवी असेल तर ते बहुधा दोघांच्याही गैरसोयीचं असतं. विक्रेत्याला परतीचा खर्च येतो, उघडलेला माल नवा म्हणून विकता येत नाही, आणि तेच पार्सल त्याच रस्त्याने पुन्हा हरवायला मोकळं. पैसे भरलेत तर त्याची मूळ विक्री पुरी होते आणि तुम्हाला हवी ती वस्तू मिळते. म्हणून वस्तू हवी असेल तर माझं मत सरळ पैसे भरण्याच्या बाजूने.

परत पाठवणं बरं ठरतं ते दरम्यान तुम्ही दुसरीकडून तीच वस्तू घेतली असेल तेव्हा, किंवा जिच्यासाठी मागवली तो दिवसच उलटून गेला असेल तेव्हा. अशा वेळी परतीचा खर्च तुमच्या माथी नाही. 'लेबल पाठवा, मी पॅक करून ठेवतो' एवढंच तुमचं काम. पॅकिंग फोडलं नसेल तर फोडू नका.

मधली एक वाट फारसं कुणी वापरत नाही: थोडे कमी पैसे. खोका चेपला, आतली वस्तू खरचटली किंवा उशिराने तिचा निम्मा उपयोग गेला, तर 'इतके पैसे भरून ठेवायला तयार आहे' असं मोकळेपणाने विचारता येतं. प्रामाणिकपणा म्हणजे घासाघीस करायची नाही, असं कुठे आहे?

पैसे भरायचे कसे, इथे मात्र गाडी अडते. बंद झालेल्या ऑर्डरवर पुन्हा पैसे घ्यायची सोय बऱ्याच ॲपमध्ये नसते, आणि चॅटवरचा बॉट 'रिफंड पूर्ण झाला आहे' हेच पालुपद लावतो. आधी त्याच ऑर्डरच्या मदत-पानावरून माणसाकडे पोचा आणि थोडक्यात लिहा: 'या ऑर्डरचे पैसे तुम्ही परत केले होते. पार्सल आज मिळालं. मला ते ठेवायचं आहे. पैसे कसे भरू ते सांगा, किंवा परत हवं असेल तर घेऊन जाण्याची व्यवस्था करा.' माफीनामा नको, कहाणी नको. स्वतंत्र दुकान असेल तर ते बहुधा पैसे भरायची लिंक पाठवतात. तीच वस्तू पुन्हा ऑर्डर करून 'माल पाठवू नका' असं सुचवणाराही एखादा विक्रेता भेटतो. त्याच्या लेखी संमतीशिवाय हे करू नका, नाहीतर दुसरं पार्सल निघालंच म्हणून समजा.

एक सावधगिरी. 'तुम्हाला चुकून जास्त रिफंड गेलाय, या लिंकवर परत करा' असे फोन आणि मेसेज ही फसवणुकीची जुनी रीत आहे. संपर्क तुम्ही सुरू करा, ॲपमधून किंवा दुकानाच्या मूळ साइटवरून. समोरून आलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकू नका.

आणि उत्तरच आलं नाही तर? मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, काही दिवसांनी एकदा आठवण द्या, वस्तू तोवर वापरू नका. तरीही शांतता असेल तर खुशाल वापरा. मागे लागून पैसे घ्यायला भाग पाडणं तुमचं काम नाही. 'राहू दे, ठेवा' असं उत्तर आलं तर तेही तसंच मान्य करा. ते अनेकदा येतं.

दारातून नाकारणं, दान करणं

नाकारणं तेव्हाच, जेव्हा वस्तू नको आहे आणि पार्सल काय आहे हे उघडण्याआधी ओळखता येतंय. कुरियर ते पाठवणाऱ्याकडे वळवतं, तुमचे कष्ट वाचतात. तरी कळवा, कारण परतीच्या वाटेवरही पार्सलं महिनोन्‌महिने अडकतात.

दान करण्याबद्दल थोडक्यात: दुसऱ्याच्या पैशाने केलेलं दान. आधी विचारा, 'राहू दे' म्हणाले की मग द्या.

पैसे बँकेने परत मिळवून दिले असतील तर

इथे निवडीला वावच कमी आहे. बँकेकडे वाद नोंदवताना 'वस्तू मिळालेली नाही' असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. अशा प्रत्येक वादापायी विक्रेत्याकडून मूळ रकमेखेरीज सहसा वेगळं शुल्क घेतलं जातं, आणि असे वाद वाढले तर त्याची कार्डाने पैसे घेण्याची सोयच धोक्यात येते. वाद अजून चालू असेल आणि खात्यात आलेली रक्कम तात्पुरती असेल, तर बँकेला फोन करून तो मागे घ्या. रक्कम आपोआप वळती होते, विक्रेत्याशी वेगळा हिशेब करावा लागत नाही. वाद बंद झाला असेल तर थेट विक्रेत्याला लिहा. मात्र पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, कारण बँकेच्या आणि दुकानाच्या नोंदी जुळायला वेळ लागतो आणि मधल्या काळात तेच पैसे दोनदा मागितले जाऊ शकतात.