वर्गणी ४,८००, प्लगपॉइंट एक: आयटी कन्सल्टंटांच्या मासिक सभांचा अनुभव

आमच्या गटाची वर्षाची वर्गणी ३,६०० वरून ४,८०० झाली. मेसेजमध्ये कारण दिलंय, 'सभासदांच्या सोयीसुविधा वाढवण्यासाठी'. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून नूतनीकरणाचे पैसे पाठवायच्या आधी हे लिहायला बसलो.

गटाचं नाव देत नाही. याच लोकांबरोबर पुढेही बसायचंय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. छोटी ऑफिसं, वर्कशॉप, दवाखाने यांची एएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट, सांभाळणारे, एकटे नाहीतर एखादा मुलगा हाताशी घेऊन फिरणारे, क्लाएंटकडे ज्यांची ओळख 'आमचे कॉम्प्युटरवाले' एवढीच असते, अशा आपल्यासारख्यांचा हा गट. महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. आधी गुरुवारी भेटायचे म्हणे. पण भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, आणि सर्व्हर बंद ठेवून करायची कामं नेमकी त्याच दिवशी निघतात, त्यामुळे अर्धे लोक यायचेच नाहीत. शनिवार केला ते बरं झालं. मेट्रोने आलात तर पार्किंगचीही कटकट नाही. चहा ठीक. बटाटेवडा गार असतो, चालायचंच.

आता मुख्य मुद्दा. प्लगपॉइंट.

हॉलच्या भिंतीवर हाताशी येतील अशी दोनच सॉकेट आहेत. एक एसीचं, सोळा अँपिअरचं. त्यात लॅपटॉपची सहा अँपिअरची पिन घातली तर आत नुसती खुळखुळते. दुसऱ्यात गटाच्या मालकीचा चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड. चारपैकी एकात प्रोजेक्टर, एकात माइकचा अँप्लिफायर, एकात वक्त्याचा लॅपटॉप आणि चौथ्यात सचिवांचा मोबाइल. बाकीच्या तीस-पस्तीस जणांनी घरून भरून आणलेल्या बॅटरीवर भागवायचं. दिवसभर लोकांना 'तुमच्या लोडला हा यूपीएस पुरणार नाही' असं सांगत हिंडणाऱ्यांच्या सभेत ही तऱ्हा.

तुम्ही म्हणाल, भाषण ऐकायला लॅपटॉप कशाला हवा? भाषणाला नकोच. पण या गटातली सगळ्यात कामाची गोष्ट भाषण नाहीच, ती आहे रिस्टोरची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणायची तालीम. दर दोन-तीन महिन्यांनी असते. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) उभं करायचं आणि नमुन्याच्या बॅकअपमधून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, शेअर फोल्डर, युजर सगळं घड्याळ लावून परत आणायचं. नमुन्यात मुद्दाम खोड्या घातलेल्या असतात. एका संचाला पासवर्ड असतो, आणि तो पासवर्ड मेलेल्या मशीनवरच्याच फाइलमध्ये. दुसऱ्यात मधल्याच एका दिवसाची इन्क्रिमेंटल (फक्त त्या दिवशीचे बदल साठवणारी) फाइल गायब, त्यामुळे पुढचे सगळे दिवस असून नसल्यासारखे. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, हे सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण परत आणून बघितल्याशिवाय त्या बॅकअपवर विसंबता येत नाही, हे त्या दीड तासात जसं अंगात भिनतं तसं कुठल्याही व्हिडिओने भिनत नाही.

आणि व्हर्च्युअल मशीन चालू असताना माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही. रिस्टोर साठ-पासष्ट टक्क्यांवर आलं की स्क्रीन काळी. एकट्या माझी नाही, मागच्या दोन रांगांमधल्या बहुतेकांची.

म्हणून सुचवलं, दुसरा बोर्ड घ्या. तपकीर गल्लीत सहा-सातशे रुपयांत बरा बोर्ड मिळतो. उत्तर आलं, 'समितीपुढे ठेवू, तीन कोटेशन द्या.' दिली. सातशे रुपयांच्या वस्तूची तीन कोटेशन खरोखर मिळवून दिली. दुकानदाराने माझ्याकडे कसं बघितलं असेल ते तुम्हीच ठरवा. पुढच्या सभेला नवा बोर्ड आला तो सोळा अँपिअरच्या प्लगचा. म्हणजे लागणार फक्त एसीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे एसी बंद. मे महिना होता. सभेत मतदान घेतलं. एसी जिंकला.

तो बोर्ड अजून कपाटात आहे. प्लग बदलायला पाच मिनिटं लागतात, हॉलभर स्क्रूड्रायव्हरवाले बसलेत, पण 'वॉरंटी जाईल'.

दुसरी तक्रार प्रायोजकांची, ती थोडक्यात. हॉलचं भाडं निघावं म्हणून एखाद्या व्हेंडरला वीस मिनिटं देतात, तो चाळीस घेतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश, म्हणजे सायबर घटना सहा तासांत कळवा आणि लॉग (सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवा, हे फायरवॉल विकणाऱ्या प्रत्येकाच्या स्लाइडवर लाल अक्षरांत असतं. नियम खराच आहे. पण आठ कॉम्प्युटर, इंटरनेटवाल्याने फुकट दिलेला राउटर आणि सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणारी काही सोय नाही, अशा सीएच्या ऑफिसात ते लॉग साठवायचे कुठे, हे विचारलं की 'सर, आपण ऑफलाइन बोलू'. ऑफलाइन म्हणजे आपला नंबर त्यांच्या सेल्सच्या यादीत.

बरं, पैसे वसूल झालेली सत्रंही आहेत, नाही असं नाही. थकलेल्या पेमेंटवरचं सत्र घ्या. बोलायला एक सीए होते, स्लाइड नाही, फळ्यावर खडूने. आपण सेवा देतो, उद्यम या सरकारी पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले आहोत, तर एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. हा कायदा २००६ चा आहे आणि इतकी वर्षं कोणी विचारत नव्हतं. फरक पडला तो प्राप्तिकराच्या ४३बी(एच) कलमाने. १ एप्रिल २०२४ पासून अंमल. मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लाएंटला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, जेव्हा पैसे देईल तेव्हाच्या वर्षात धरला जातो. म्हणजे आता आपली बाजू घेऊन क्लाएंटचाच सीए भांडतो! एक मेख आहे: नोंदणी नुसती व्यापारी म्हणून असेल तर हे संरक्षण मिळत नाही. आपल्यातले बरेच जण हार्डवेअर विकतात म्हणून तशीच नोंदणी करून बसलेत. मी त्या आठवड्यात नोंदणीत सेवा आहे ना ते तपासलं आणि उद्यम क्रमांक बिलाच्या वरच्या बाजूला ठळक छापायला लागलो. मार्केट यार्डातल्या एका क्लाएंटचं वर्षाचं एएमसीचं बिल नेहमी गणपतीपर्यंत रखडायचं, ते मार्चअखेरीस आलं. फोन न करता.

विंडोज १० वरचं सत्रही चांगलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला, हे माहीत नसलेला माणूस आपल्या धंद्यात नसेल. पण विंडोज ११ न चालणाऱ्या, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर असलेल्या आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनवर दिवसभर फक्त टॅली चालवणाऱ्या क्लाएंटला नवीन मशीन घ्या म्हणून कसं सांगायचं, यावर तिथे खरी चर्चा झाली. घरगुती वापरासाठीची सुरक्षा अपडेट्सची एक वर्षाची स्वस्त मुदतवाढ धंद्याच्या मशीनला लावता येत नाही. धंद्यासाठीची वेगळी, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हडपसरवाल्या सभासदांनी तिथल्या तिथे आकडेमोड करून दाखवली की तीन वर्षांच्या त्या पैशांत जुनं-नूतनीकृत आठव्या पिढीचं मशीन येतं. तो कागद मी फोटो काढून ठेवलाय आणि क्लाएंटला सरळ तोच दाखवतो. 

तरीही, इथवर लिहून झालं तेव्हा निष्कर्ष ठरलेला होता: ४,८०० देऊ नका, चांगली सत्रं वर्षातून मोजकी, बाकी व्हेंडर, आणि तालमीला वीज नाही. पाचपैकी दोन तारे. मग एका लग्नासाठी चिपळूणला गेलो आणि हा मजकूर तसाच पडून राहिला.

हळदीच्या दिवशी भोसरीच्या एका प्रेसवर्कशॉपमधून फोन. सर्व्हर चालू होत नाही, डिस्पॅच अडकलाय, गाडी गेटवर उभी. फोनवरून जेवढं कळलं त्यावरून एसएमपीएस, म्हणजे सर्व्हरचा पॉवर सप्लाय, गेला असावा. मी घाटाच्या खाली, बायकोच्या मामेबहिणीचं लग्न, निघायचं म्हटलं तर लग्न मोडल्यासारखे चेहरे. गटाच्या कव्हरच्या यादीतल्या (कव्हर म्हणजे अडचणीत एकमेकांच्या क्लाएंटकडे जाणं) भोसरीवाल्यांना फोन केला. सभेत दोन-चार वेळा बोलणं झालेलं, एवढीच ओळख. त्यांनी विचारलं, 'साइटचा कागद आहे ना?' होता.

हा साइटचा कागद म्हणजे या गटाची खरी कमाई, आणि मी त्याला आधी कारकुनी समजत होतो. प्रत्येक क्लाएंटचं एक पान: इंटरनेट कोणाचं आणि खातं कोणाच्या नावावर, राउटर कुठल्या कपाटामागे, सर्व्हरचा आयपी आणि मॉडेल, टॅलीचा सीरियल नंबर, बॅकअप कुठे जातो, यूपीएसची बॅटरी कधी बदलली, आणि तिथे कोणाशी बोललं तर काम होतं. पासवर्ड त्यात नसतात. ते क्लाएंटच्या मालकाकडे बंद पाकिटात. कागद व्हॉट्सअॅपवर गेला, मालकाला फोन करून पाकीट फोडायला सांगितलं.

भोसरीवाले पाऊण तासात तिथे होते. एसएमपीएस गेलाच होता, कारण यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या आणि तिथला इलेक्ट्रिशियन सर्व्हर थेट लाइनवर टाकून मोकळा झाला होता. यांनी आपल्या गोडाउनमधला एसएमपीएस लावला, रेडच्या (डेटा एकाहून जास्त डिस्कवर ठेवायच्या रचनेच्या) डिस्क तपासल्या, इन्व्हॉइस निघून गाडी गेली. जेवायची वेळ व्हायच्या आत.

यातलं खरं कौतुक पुढे आहे. क्लाएंटच्या मालकाने त्यांना कार्ड मागितलं. त्यांनी दिलं नाही. 'मी तुमच्या नेहमीच्या सरांकडून आलोय, बिल तेच देतील,' एवढंच बोलले. कव्हरच्या भेटीत कार्ड द्यायचं नाही, पैसे क्लाएंटकडून घ्यायचे नाहीत, सभासदाकडून ठरलेल्या दराने घ्यायचे, आणि तो क्लाएंट वर्षभर स्वतःकडे ओढायचा नाही, असा गटाचा नियम आहे. नियम माहीत होता. तो असा पाळला जाईल ही माझी अपेक्षा नव्हती, कारण या धंद्यात एकमेकांचे क्लाएंट कसे फुटतात ते आपण सगळे जाणतो. मला बिल आलं ते एसएमपीएसच्या खरेदीच्या किमतीचं आणि एका भेटीचं. क्लाएंटने नंतर मला विचारलं, 'तुमच्याकडे आणखी माणसं आहेत हे कधी बोलला नाहीत?' यंदाची एएमसी वाढवून दिली, घासाघीस न करता.

तर दोन तारे खोडतो. चार देतो. एकट्याने काम करणाऱ्याला आजारपण, लग्न, मयत, कशालाच सुट्टी नसते; त्या सुट्टीची किंमत म्हणून वर्षाचे ४,८०० म्हणजे एका मोठ्या क्लाएंटच्या एका व्हिजिटच्या जवळपास. वर्गणी भरली.

पाचवा तारा त्या कपाटातल्या बोर्डाजवळ ठेवलाय. या वेळी वर्गणीच्या पावतीसोबत लेखी अर्जच दिला: प्लग बदला, किंवा सचिवांनी मोबाइल घरून चार्ज करून आणावा. आणखी एक मागणी त्याच अर्जात घातली. माझे निम्मे क्लाएंट दवाखाने आहेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पेशंटचे रिपोर्ट रिसेप्शनच्या मोबाइलवरून फिरतात त्याचं काय करायचं, यावर एक शनिवार द्या, फायरवॉलचा डेमो एकदा नाही झाला तरी चालेल.

नव्याने येणाऱ्यांसाठी: पहिल्या सभेला पाहुणा म्हणून फुकट येता येतं. नुसता हार्डवेअरचा धंदा असेल तर तुम्हाला फारसं काही मिळणार नाही, तिथे दर विचारले की लोक विषय बदलतात. एएमसीवाले असाल तर भाषण संपल्यावर लगेच निघू नका, कव्हरची यादी वड्याच्या टेबलावरच ठरते. सध्या त्या यादीत सिंहगड रस्ता, कोथरूड, हडपसर, भोसरी भरपूर आहेत. चाकणला कोणीच नाही. तिथल्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्याच्या क्लाएंटसाठी जायला कोणी तयार होत नाही, आणि माझे तिकडे दोन क्लाएंट आहेत. चाकणमध्ये राहणारा, नाहीतर आठवड्यातून दोन-तीनदा तिकडे जाणारा कोणी हे वाचत असेल तर त्याने पुढच्या शनिवारी जरूर यावं.