यूट्यूब प्रीमियम घ्यावं की गूगल वन? दाजींच्या प्रश्नाला लांबलचक उत्तर

मागच्या महिन्यात बँकेचं स्टेटमेंट काढून बसलो तेव्हा कळलं की आमच्या घरातून सहा ठिकाणी आपोआप पैसे जातायत, आणि त्यातलं एक अ‍ॅप तर मी चार महिन्यांपूर्वीच मोबाइलमधून उडवलेलं. अ‍ॅप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, एवढी अक्कल तेव्हा आली. हे दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मग एकच घ्यायचं तर काय घेऊ ते सांग ना."

तर माझ्या मते खरी लढत दोघांतच आहे, यूट्यूब प्रीमियम (पैसे भरून बिनजाहिरातीचं यूट्यूब) आणि गूगल वन (फोटो, ईमेल ठेवायला गूगलकडची विकतची जागा). बाकीची येऊन जाऊन.

आधी यूट्यूब. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव वाढले तेव्हा एकट्याचा प्लॅन १२९ वरून १४९ झाला आणि फॅमिली १८९ वरून थेट २९९, म्हणजे फॅमिलीवाल्यांना चांगलाच दणका. तरी पण फॅमिलीमध्ये आपण धरून सहा जण बसतात (एकाच घरातले आणि तेराच्या वरचे, हा नियम आहे), त्यामुळे घरात चार माणसं यूट्यूब बघणारी असतील तर माणशी पंचाहत्तर रुपये पण पडत नाहीत. आमच्याकडे आई सकाळी हरिपाठ लावून मोबाइल ओट्यावर ठेवते आणि पोळ्या लाटते. आधी रंगात आलेलं असताना मधेच कुणीतरी कर्ज घ्या म्हणून ओरडायचं, कणकेच्या हाताने स्किप कुठून करणार! आता स्क्रीन बंद ठेवली तरी चालू राहतं. मला विचाराल तर आईचे ते चाळीस मिनिटं एवढ्यासाठीच पैसे वसूल आहेत.

८९ रुपयांचं प्रीमियम लाइट पण आलंय, पण ते घेताना जरा थांबा, कारण त्यात गाण्यांवरच्या जाहिराती जात नाहीत, आणि अभंग, भावगीतं सगळं गाण्यातच मोडतं. भाषणं, रेसिपी, बातम्या एवढंच बघणाऱ्याला लाइट ठीक आहे. आणि हो, व्हिडिओवाला स्वतःच मधे थांबून "आजच्या व्हिडिओचे प्रायोजक" म्हणतो ना, ते कुठल्याच प्लॅनमध्ये जात नाही.

आता गूगल वन. गूगल फुकट देतं १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. जून २०२१ पासून नवीन फोटो त्याच १५ जीबीत मोजायला लागले, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पण आता त्यातच जातो. भरलं की नुसतं फोटो चढायचं थांबत नाही, ईमेल यायचं पण बंद होतं, आणि हे लोकांना नेमकं मुलाच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी समजतं. १०० जीबी महिना १३० किंवा वर्षाला १३००, आणि घरातल्या अजून पाच जणांबरोबर वाटून घेता येतं. जागा वाटली तरी एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत, ही भीती वहिनींना होती म्हणून सांगतोय.

पण पैसे भरायच्या आधी एक रविवार द्या, मोठे व्हिडिओ शोधा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात साफ करा. बऱ्याच जणांचं एवढ्यावरच अजून वर्षभर निभावतं.

फुकटचं सांगायचं तर, जिओने जेमिनीच्या (गूगलचं एआय) ऑफरबरोबर २ टीबी, म्हणजे साधारण दोन हजार जीबी जागा १८ महिने देऊ केली होती. छान आहे, घ्या, पण तेवढ्यात तुम्ही ४०० जीबी फोटो चढवलेत तर एकोणिसाव्या महिन्यात तुमच्यासमोर १०० जीबीचा स्वस्त प्लॅन नसणार, मोठाच घ्यावा लागणार. यूट्यूब कधीही बंद करा, जाहिराती परत येतील, एवढंच. फोटोंचं तसं नाही, एकदा तिथे संसार मांडला की हलवणं जिवावर येतं. म्हणून गूगल वन वर्षाचं घ्या आणि यूट्यूब आधी महिन्याचं करून बघा, आयफोन असेल तर अ‍ॅपमधून नको, ब्राउझरमधून, स्वस्त पडतं.

हॉटस्टार, नेटफ्लिक्स वगैरे बारा महिने चालू ठेवायचं मला तरी कारण दिसत नाही. आयपीएलला एक, पावसाळ्यात दुसरं. नेटफ्लिक्सचा १४९ वाला मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, घेतल्यावर चिडू नका.

सरकारी कामाचं वेगळंच. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे हेलपाटा नाही, एवढ्या पैशात याहून कामाचं इंटरनेटवर मी तरी काही बघितलं नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) तर सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, आणि सर्चमध्ये वर दिसणाऱ्या हुबेहूब साइटवर माझ्या मित्राने तिचेच दोन हजार भरले.

काहीही घ्या, यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो तो उघडून बघा, कुणाकुणाला परवानगी दिलीय ते तिथे दिसतं आणि तिथूनच काढता येतं. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, तो ऑफरचा समजून पुसू नका.

दाजींनी शेवटी गूगल वन घेतलं, वर्षाचं. आणि यूट्यूबच्या फॅमिलीत मला घे म्हणतायत, एका घरातले नसताना.