धुराड्याच्या चुलीचा अनुभव : एक पावसाळा आणि निम्मी थंडी काढल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत (भोर तालुका, घाटाकडचा भाग) बचत गटातून लक्ष्मी टाइपच्या धुराड्याच्या चुली बसवल्या. आता वापरून बरेच महिने झालेत म्हणून सविस्तर लिहिते, कारण बसवायच्या आधी मी माहिती शोधत होते तेव्हा सगळीकडे फायदेच लिहिलेले दिसायचे, रोज त्या चुलीवर भाकऱ्या थापणारीने लिहिलेलं काही सापडलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दोन भांड्यांची बसकी चूल असते, पुढच्या भांड्याखाली जाळ, तोच जाळ आतल्या बोगद्यातून मागच्या भांड्याखाली जातो आणि मग धूर धुराड्यातून छपराच्या वर. खाली जाळी असते त्यामुळे हवा खालून लागते आणि फुंकणी जवळजवळ लागतच नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती (गावाकडच्या वापराचं तंत्रज्ञान तयार करणारी संस्था) या संस्थेने कुंभार आणि गवंड्यांना शिकवून ही चूल महाराष्ट्रात बरीच पसरवली, म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना नाव ऐकून माहीत होतं.

गॅस नाही का, हा प्रश्न येणारच. आहे ना. उज्ज्वला 2016 ला सुरू झाली, त्यानंतर वाडीत बहुतेक घरात सिलेंडर आला, आणि धुराच्या बाबतीत गॅस कुठल्याही लाकडाच्या चुलीपेक्षा चांगलाच, त्यात वादच नाही. पण सिलेंडर भरायला रोख पैसे एकदम काढावे लागतात आणि सरपण बांधावर असतं, मग चहा नि घाईची भाजी गॅसवर, आणि भाकरी, कडधान्य, आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. म्हणजे गॅस आला तरी घरातला धूर काही गेला नाही.

वाडीत सुरुवातीला कुणी तयार नव्हतं त्यालाही कारण आहे. 1983 पासून 2002 पर्यंत सरकारचा सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम होता, देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या असं आकडा सांगतो. त्यातल्या काही इथेही आल्या होत्या. आत्या (माझ्या सासूबाई) सांगतात की माणसं आली, बांधून गेली, भांड्याचं माप कुणी विचारलं नाही, पाइप तुंबला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, शेवटी लोकांनी फोडून जुनी चूल मांडली. त्यामुळे मीटिंगमध्ये विषय काढला की म्हाताऱ्या बायका पदर सावरून उठायच्या.

मग गटाने असं ठरवलं की आधी एकच चूल बांधायची, ज्या घरात जास्त खाणारी माणसं आहेत तिथे, आणि बाकीच्या बायकांनी आपापला तवा, आपलं पातेलं घेऊन पाळीपाळीने तिथे जाऊन स्वयंपाक करायचा. माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच झाली, कारण पहिल्याच आठवड्यात खरी अडचण समोर आली आणि ती धुराची नव्हती, भाकरीची होती. आपली भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकतात, तेव्हा ती फुगते. या चुलीचं तोंड लहान, निखारे आतच राहतात, भाकरी उभी करायला जागाच नाही. नाचणीची भाकरी नुसती तव्यावर नीट होत नाही हो, घरात कुणी खात नाही. हे कागदावर चूल काढणाऱ्याला कसं कळणार? मग गवंड्याला बसवून बायकांनीच सांगितलं, तोंडापुढे वीटभर रुंद कट्टा काढ, मधे थोडा खळगा ठेव, निखारे तिथे ओढता आले पाहिजेत. तो बदल झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून नावं यायला लागली.

दुसरा मुद्दा बियाण्याचा. चुलीवरच्या माळ्यावर आम्ही भोपळ्याचं, वालाचं, काकडीचं बी टांगतो, धुराने त्याला कीड लागत नाही, वाशांनाही भुंगा लागत नाही. धूर बाहेर गेला तर बी कशाने राखायचं असं आत्यांनी विचारलं आणि प्रश्न अगदी बरोबर होता. आता राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरतो, यंदा वाल चांगले राहिले. वाशांचं अजून दोन-तीन वर्षांनी कळेल.

आता तब्येतीचं. माझे डोळे चुरचुरायचे ते थांबलं, भिंतीवर काजळी धरत नाही, धाकटी माझ्या शेजारी बसून खेळते तरी खोकत नाही. आत्यांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, धूर बंद केला तर पुढचं वाचतं. त्यांची रात्रीची धाप कमी झालीय, पण औषधही वेळेवर चालू आहे त्यामुळे सगळं क्रेडिट चुलीला देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 मध्ये घरातल्या धुराने जगात 32 लाख माणसं गेली, त्यात पाच वर्षांखालची मुलं 2 लाख 37 हजारांवर, आणि तीच संघटना लाकडाच्या सुधारित चुलीला सहसा स्वच्छ इंधनात धरत नाही, हेही माहीत असू द्या. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलीवर मोठा अभ्यास झाला होता, तिथे मुलांपर्यंत पोचणारा धूर साधारण निम्मा झाला, गंभीर न्यूमोनिया कमी झाला पण एकूण न्यूमोनिया ठामपणे कमी झाला असं म्हणता आलं नाही. म्हणजे फरक पडतो, पण निम्मा धूर राहिला तर आजारही बराचसा राहतो.

आणि धुराडं धूर संपवत नाही, बाहेर सोडतं. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. एका घराचं धुराडं शेजारच्या खिडकीच्या उंचीवर आलं आणि त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत धूर भरायला लागला, त्यावरून चांगलीच भांडणं झाली. शेवटी सगळ्यांनी मिळून छपराच्या वर दोन-तीन फूट पाइप न्यायचा असं ठरवलं आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांना गटाने पैसे दिले. एकट्याने चूल बदलून भागत नाही ते असं.

देखभाल हा खरा कस. धुराडं महिन्यातून एकदा तरी झाडावं लागतं, पावसाळ्यात ओलं सरपण असतं तेव्हा आणखी लवकर. मागचं भोक रिकामं असेल तर झाकण ठेवायलाच पाहिजे नाहीतर धूर घरात येतो. लाकूड बारीक फोडून लागतं, ओंडका चालत नाही, ते जास्तीचं काम आहे आणि आमच्याकडे ते पुरुषांनी करायचं असं मीटिंगमध्ये सांगून घेतलंय (सगळे करतात असं नाही). सरपण मात्र नक्की कमी लागतं. ओडिशात सुधारित चुलींवर चार वर्षांचा अभ्यास झाला, त्यात पहिल्या वर्षी धूर कमी झाला आणि पुढे फायदा उरलाच नाही, कारण दुरुस्ती-सफाई झाली नाही आणि वापरही कमी होत गेला. हे मी गटात वाचून दाखवलं, तेव्हापासून अमावस्येला सगळ्या वाडीची धुराडी एकाच दिवशी झाडायची असं ठरलंय. घासायचा ब्रश लांब बांबूला बांधलाय, तो घरोघर फिरतो.

उरलेली मोठी अडचण म्हणजे आंघोळीचं पाणी. अंगणात तीन दगड मांडून हंडा तापतो, सकाळी पूर्ण वाडी धुरात असते आणि सगळ्यात जास्त लाकूड तिथेच जळतं. त्याच्यावर काही केलं नाही तर घरातली चूल कितीही चांगली असो, पोरं शाळेत जाताना धूरच घेऊन जाणार. सामायिक बंब करायचा का, यावर सध्या गटात चर्चा चालू आहे, पैशाचं जमत नाहीये.

ज्यांना बसवायची आहे त्यांनी माप घ्यायला गवंडी येईल तेव्हा घरातला तवा आणि सगळ्यात मोठं पातेलं समोर ठेवा, स्वयंपाक करणारी बाई तिथे हजर पाहिजे, आणि कौलं काढून पाइप बसवायचं काम मे महिन्यातच उरका. आमच्या दोन घरांचं जूनवर गेलं आणि पाइपाच्या कडेने सगळा पावसाळा चुलीवर गळत होतं.