झाकणाचं होल्स्टर: कानपूरच्या एका खोगीर कारागिराचं काम

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. तुमच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर असेल आणि ते रोज कमरेला लावून बाहेर पडावं लागत असेल, तर जाड चामड्याचं, हातानं शिवलेलं, वरून पूर्ण झाकणारं जुन्या पद्धतीचं होल्स्टर घ्या. नायलॉनचं नको, प्लॅस्टिकचं नको आणि बाजारात टांगलेलं चकचकीत, सिंहाचं तोंड उठवलेलं तर अजिबातच नको.

मी विट्याकडचा. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. ज्या गावात सराफा, त्या गावात जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणारा एखादा तरी आमच्याकडचा माणूस. मी कानपुरात बिरहाना रोडच्या बाजूला. संध्याकाळी भट्टी विझल्यावर दुसऱ्याचा माल अंगावर घेऊन गल्लीबोळांतून जावं लागतं, म्हणून परवाना आणि म्हणून .32 बोअरचं रिव्हॉल्वर. तेही इथलंच, स्मॉल आर्म्स फॅक्टरीतलं. जुन्या वेब्ली या इंग्रजी बनावटीच्या घराण्यातलं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं. भरल्यावर पाऊण किलोच्या आसपास जातं. हे वजन दिवसभर कमरेच्या एकाच बाजूला लोंबत असतं, हे आधी लक्षात घ्या. होल्स्टरची सगळी परीक्षा तिथेच होते.

आधी माझ्याकडे नायलॉनचं होतं. स्वस्त आणि हलकं, घामानं ओलं झालं तरी धुता येणारं. पण रिव्हॉल्वर बाहेर काढलं की ते लगेच चपटं पडायचं. पुन्हा आत घालताना डाव्या हातानं तोंड उघडून धरावं लागे, म्हणजे स्वतःचीच बोटं नळीपुढे. शिवाय नायलॉन इतकं मऊ, की बाहेरून दाबलं तर आतला चाप बोटाला जाणवतो. जवळ बाळगायच्या वस्तूत एवढे दोन दोष मला पुरे झाले. प्लॅस्टिकची साच्यातली होल्स्टरं पिस्तुलाला उत्तम बसतात, कारण पिस्तूल चपटं असतं. रिव्हॉल्वरच्या मधोमध चक्राचं पोट असतं, आणि आपल्या देशी .32 च्या मापाचा साचा मला तरी कुठे मिळाला नाही.

कानपुरात चामड्याला काय तोटा! 1857 नंतर इंग्रजांनी लष्कराच्या खोगीर-साजाचा सरकारी कारखाना इथे काढला, तेव्हापासून हे शहर चामड्यावर उभं आहे. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. मेस्टन रोडला गेलात तर बंदुकांची दुकानं आणि चामड्याची दुकानं एकमेकांच्या शेजारीच. पण त्या दुकानांत टांगलेला बहुतेक माल मशीनवर शिवलेला असतो. मला ज्यांच्याकडे पाठवलं ते चाचा मागच्या गल्लीत बसतात. मूळचं काम घोड्याचे लगाम आणि खोगिराचे पट्टे, परदेशी जाणारा माल. होल्स्टर हे त्यांचं जोडकाम. दाराला पाटी नाही आणि त्यांना ती नकोच आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

पहिल्या भेटीत मी कमरेकडे हात नेला तसे ते म्हणाले, "असली चीज़ घर पे रखिए, मराठा भाई, हमारे पास लकड़ी वाली है." खरंच होती. फळीवर शिसवीच्या लाकडाची रिव्हॉल्वरं ओळीनं मांडलेली, त्यात आमचं .32 सुद्धा, चक्राच्या खाचांसकट. बिनपरवान्याच्या माणसाच्या ताब्यात हत्यार ठेवून जाणं गुन्हा आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. जो कारागीर "ठेवून जा, उद्या या" म्हणेल त्याच्याकडून उठा, मग काम कितीही चांगलं असो.

चामडं म्हशीचं, झाडाच्या सालीनं कमावलेलं, साडेतीन-चार मिलिमीटर जाड. जाजमऊच्या, म्हणजे कानपुरातल्या चामडं कमावण्याच्या वस्तीतल्या, कारखान्यांत जास्त करून क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं निघतं. ते मऊ असतं, लवकर तयार होतं, चपला-जॅकेटला चांगलं. होल्स्टरला नाही. ते दिलेला आकार धरून राहत नाही, आणि त्यातले क्षार पोलादाला बरे नव्हेत. फरक ओळखायचा असेल तर कापलेली कड बघा. क्रोमची आतून निळसर-राखाडी दिसते, सालीची आरपार तपकिरी. सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच काळपट डाग पडतो. चाचांनी दोन्ही तुकडे समोर टाकले आणि मला निवडायला लावले. गिऱ्हाईक कितपत जाणतं हे बघत असावेत.

पुढचं काम बघण्यासारखं आहे. कापलेलं, शिवलेलं चामडं कोमट पाण्यात बुडवतात. बुडबुडे थांबले की काढून थोडं निथळू देतात. मग आत लाकडी रिव्हॉल्वर घालून बाहेरून हाडाच्या पट्टीनं दाबत बसतात. चक्राचा फुगवटा, त्याच्या पुढची खाच, चापाभोवतीची कडी असा एकेक उंचवटा चामड्यावर उमटत जातो. सावलीत वाळवतात, उन्हात कधीच नाही. वाळल्यावर चामडं कडक होतं आणि तो आकार सोडत नाही. रिव्हॉल्वर आत धरून ठेवतो तो हा आकारच. वरची पट्टी किंवा बटण ही नुसती जादा खात्री. माझं होल्स्टर झाकण उघडं ठेवून उलटं धरलं तरी रिव्हॉल्वर खाली येत नाही. (गोळ्या काढून, गादीवर करून बघितलं. तुम्हीही तसंच बघा.)

शिवण दोन सुयांची. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीनं पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी जाणारा. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल होतात. इथे एक टाका झिजून तुटला तरी पुढचा आपल्या जागी घट्ट असतो. खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळणाऱ्या तंगाला म्हणूनच ही शिवण लागते.

आता झाकण. मित्रांनी यावरून माझी भरपूर टर उडवली. "चोर समोर आला तर झाकण उघडेपर्यंत थांबायला सांगणार का त्याला?" पहिली गोष्ट, 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत आणि पूर्ण झाकलेली असली पाहिजे. मूठ बाहेर डोकावणारं उघडं होल्स्टर सदऱ्याखाली लपवलं तर ठीक, पण सदरा वर सरकला की पंचाईत. झाकणाच्या होल्स्टरला ही भीतीच नाही. दुसरं, इतक्या वर्षांत मला ते काढावं लागलेलं नाही आणि पुढेही लागू नये अशीच इच्छा आहे. माझा धोका जास्त तो गर्दीत मागून कोणी हात घालण्याचा, स्कूटरवरून उतरताना अडकण्याचा, धुळीचा आणि आमच्या भट्टीच्या तेजाबाच्या वाफेचा. त्या वाफेनं दाराच्या कड्या महिन्याभरात लाल होतात. झाकणाखाली रिव्हॉल्वरची नळी आणि घोडा बऱ्यापैकी वाचतात.

ही झाकणाची तऱ्हा जुन्या लष्करी पद्धतीची. तिच्या सोबतीला असणारा, फौजदाराच्या खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा सॅम ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. 1858 मध्ये पिलिभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हातानं तलवार सावरणं जमेना, म्हणून कमरेचं वजन खांद्यावर घेणारा तो पट्टा. चाचांनी मला तो आडवा पट्टाही सुचवला होता. सराफ्यात तो लावून फिरलो असतो तर पोरं मागे लागली असती, तेव्हा नाही म्हटलं. त्याऐवजी दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा कमरपट्टा करून घेतला, आणि हे मात्र टाळू नका. नेहमीच्या पातळ पट्ट्यावर चांगलं होल्स्टरसुद्धा बाहेरच्या बाजूला कलंडतं.

धातू हा माझा विषय, त्यामुळे बक्कल आणि बटणं मी स्वतः तपासली. चुंबक लावलं, कानशीनं आतून जरा घासून बघितलं. सगळं भरीव पितळ. बाजारू होल्स्टरांत पाणी चढवलेलं लोखंड असतं. ते गंजतं आणि बटणाची आतली बाजू रिव्हॉल्वरच्या काळ्या झिलईवर चरे पाडते. इथे बटणामागे चामड्याचा पातळ तुकडा शिवलेला आहे. मी न सांगता केलेलं हे एकमेव काम, पण त्यावरून माणूस कळला.

दोष आहेत आणि ते लपवत नाही. नवीन असताना इतकं घट्ट, की रिव्हॉल्वर दोन्ही हातांनी ओढावं लागलं. सैल व्हायला बरेच आठवडे गेले. चालताना करकर वाजायचं, ती थोडी अजूनही येते. गाडीत बसलं की खालचं टोक सीटला टेकून बरगडीत घुसतं. उन्हाळ्यात कानपूरच्या उकाड्यात कमरेची ती बाजू घामानं चिंब होते. आणि वेळेचा भरवसा नाही: कुंभ-माघ मेळ्याच्या स्नानांच्या वेळी गंगेचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून जाजमऊचे कारखाने बंद ठेवायला लावतात, मग चामडंच मिळत नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चामडं ओल धरतं. रिव्हॉल्वर रात्री त्यातच ठेवायचं नाही, विशेषतः पावसाळ्यात. निवडणुकीत हत्यार जमा करायची वेळ आली तेव्हा एका ओळखीच्यानं आपलं होल्स्टरसकट जमा केलं. परत आलं तेव्हा चक्राच्या कडेला तांबूस ठिपके आणि चामड्यावर पांढरी बुरशी. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. हत्यार तेल लावून कोरड्या पेटीत, होल्स्टर वेगळं, हवेशीर जागी. तसंच पट्ट्यावर गोळ्यांसाठी कड्या शिवून घेऊ नका. सालीतलं आम्ल पितळेला लागतं आणि काडतुसावर हिरवा थर चढतो. ते मग चक्रात अडकतं.

त्या सिंहाच्या होल्स्टरांबद्दल दोन शब्द. ती लग्नाच्या वरातीत मिरवायला असतात, हे दुकानदारही हसून सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तरी त्यांचा खप काही कमी झालेला दिसत नाही.

मला होल्स्टर 2,800 रुपयांना पडलं, कमरपट्टा 1,400. नायलॉनचं पाचशेत येतं, हे माहीत असूनही मी चाचांकडे दुसरं करायला टाकलंय, डाव्या बाजूचं, धाकट्या भावासाठी. तो डावखुरा आहे आणि त्याचा परवाना नुकताच झालाय. ऑर्डर देताना नळीची लांबी, पट्ट्याची रुंदी आणि हात कुठला एवढं आधी सांगा. रंग विचारतील, नैसर्गिकच घ्या, वापरून तो आपोआप गडद होतो, आणि काळ्या रंगाखाली खराब चामडं लपवता येतं. निम्मे पैसे आगाऊ. शेवटच्या मापाला रिव्हॉल्वर रिकामं करून आणि परवाना खिशात घेऊन जा. आत घालून बघायचं काम चाचा तुमच्याच हातून करून घेतील, स्वतः हात लावणार नाहीत.