मॉरोविंड, ऑब्लिव्हियन की स्कायरिम: गेम सोपा करताना नेमकं काय कापलं?

स्कायरिम खेळून झालेल्या बहुतेकांना पुढचा प्रश्न पडतो तो मागे जाण्याचा. मॉरोविंड (२००२) फार जुनाट वाटेल का? ऑब्लिव्हियन (२००६) घ्यावा तर मूळचा की २०२५ चा रीमास्टर, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती? हे ठरवताना जुना वादही आपोआप समोर येतो: दर नव्या भागात रोल-प्लेइंग (स्वतःचं पात्र घडवत खेळणं) सोपं करत न्यावं का? 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेत (हे तिन्ही गेम तिचेच) बेथेस्डा या कंपनीने दोनदा कात्री चालवली, त्यामुळे हा वाद तपासायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

आधी ढोबळ हिशेब. स्किल म्हणजे पात्राची कौशल्यं, अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे ताकद-चपळाईसारखे मूळ गुण, क्लास म्हणजे पात्राचा पेशा, मेजर-मायनर म्हणजे त्या पेशाची मुख्य आणि दुय्यम स्किल, आणि मार्कर म्हणजे पुढचं ठिकाण दाखवणारी खूण:

| | मॉरोविंड | ऑब्लिव्हियन | स्कायरिम |
|---|---|---|---|
| स्किल | २७ | २१ | १८ |
| अ‍ॅट्रिब्यूट | ८ | ८ | नाहीत. फक्त हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना |
| क्लास | ५ मेजर, ५ मायनर स्किल | ७ मेजर स्किल | नाही |
| चिलखताचे भाग, ढालीसह | ९ | ६ | ५ |
| वार लागणार का? | फाशांवर | लागतोच | लागतोच |
| स्वतःचे मंत्र बनवणं | आहे | आहे | नाही |
| वाट कशी सापडते | डायरी वाचून | मार्कर पाहून | मार्कर पाहून |

तक्ता वाचून 'मजा कमी कमी होत गेली' असं वाटेल. तसं सरसकट म्हणता येत नाही. आकडेमोड कापली ते बरंच झालं. वाईट हे झालं, की खेळाडूला 'नाही, तुला हे जमणार नाही' असं सांगायची गेमची हिंमतही त्याच कात्रीत गेली.

वार लागतच नाही

मॉरोविंड पहिल्या तासात सोडून देणाऱ्यांची तक्रार एकच: तलवार खेकड्याच्या अंगातून आरपार जाते आणि काहीच होत नाही. गेम बिघडलेला नसतो, आत फासे पडत असतात. सूत्र असं: शस्त्राचं स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा पाचवा भाग, अधिक लकचा दहावा भाग. या बेरजेला फटीगप्रमाणे (म्हणजे उरलेल्या दमाप्रमाणे) ०.७५ ते १.२५ ने गुणायचं आणि त्यातून शत्रूची वार चुकवण्याची क्षमता वजा करायची.

लाँग ब्लेड मेजर घेतलेला योद्धा धरा. जातीचा बोनस नाही, अ‍ॅजिलिटी आणि लक दोन्ही ४०. मेजरचे ३० आणि कॉम्बॅट स्पेशलायझेशनचे ५ मिळून त्याचं लाँग ब्लेड ३५ असतं. पण गेम जिथे सुरू होतो त्या सेयडा नीन गावच्या कचेरीत हाती लागतो खंजीर, म्हणजे शॉर्ट ब्लेड, आणि ते आहे फक्त ५. बेरीज १७; दम पूर्ण असला तरी वार लागण्याची शक्यता २१ टक्के. आता हा गडी गावातून पळत पळत बाहेर येतो. मॉरोविंडमध्ये पळण्यानेही फटीग उतरतो. तो शून्यावर आला की २१ चे १३ होतात. तोच माणूस लांब तलवार घेऊन चालत आला असता तर आकडा ५९ च्या आसपास असता. शत्रूची वजाबाकी अजून बाकीच आहे.

ऑब्लिव्हियनने हे काढून टाकलं: वार दिसला तर लागतो, स्किल ठरवतं फक्त नुकसान किती होणार ते. ही कपात योग्यच होती. वरून पाहायच्या, पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये फासे शोभतात. डोळ्यासमोर तलवार फिरत असताना 'चुकला' म्हणणं खेळाडूला फसवणूक वाटते. शिवाय मॉरोविंड हे सूत्र कुठेही उघड करत नाही, तो दोष वेगळाच.

अर्धवट सोपं करण्याची शिक्षा

मालिकेतली सगळ्यात मोठी चूक ऑब्लिव्हियनमध्ये झाली, आणि ती कमी कापल्याची.

दोन्ही जुन्या गेममध्ये लेव्हल वाढते ती ठरावीक स्किल मिळून १० ने वाढल्यावर. मॉरोविंडमध्ये मेजर-मायनर दोन्ही धरतात, ऑब्लिव्हियनमध्ये फक्त मेजर. लेव्हल वाढली की तीन अ‍ॅट्रिब्यूट निवडायचे. प्रत्येकात किती भर पडणार हे त्या अ‍ॅट्रिब्यूटखालची स्किल मधल्या काळात किती वाढली त्यावर ठरतं: १ ते ४ वाढींना २, ५ ते ७ ला ३, ८-९ ला ४, आणि १० झाल्या तर ५. काहीच वाढलं नसेल तर १.

मॉरोविंडमध्ये हा हिशेब चुकला तरी फारसं बिघडत नाही, कारण जग तुमच्या लेव्हलप्रमाणे फारसं बदलत नाही. ऑब्लिव्हियनने हिशेब तसाच ठेवला आणि त्यावर लेव्हल स्केलिंग चढवलं. आता बहुतेक शत्रू तुमच्याबरोबर वाढतात. अ‍ॅक्रोबॅटिक्स मेजर घेऊन रस्ताभर उड्या मारत गेलात तर लेव्हल चढते, ताकद मात्र तिथेच. पुढच्या वळणावर साधा वाटमारा काचेच्या महागड्या चिलखतात उभा. लेव्हलमागे मिळणारी हेल्थ एन्ड्युरन्सच्या (चिवटपणाच्या) दहाव्या भागाइतकी: ४० असेल तर ४, १०० असेल तर १०. म्हणजे एन्ड्युरन्स उशिरा वाढवला की मधल्या लेव्हलांवर बुडालेली हेल्थ परत येत नाही. मग लोक कागद-पेन घेऊन बसायचे आणि जी स्किल रोज वापरायची तीच मुद्दाम मेजरमधून वगळायचे. ज्या नियमाला हरवायला आवडीचं पात्र सोडून द्यावं लागतं, तो नियम खोल म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०२५ च्या रीमास्टरने नेमकी इथेच दुरुस्ती केली. दर लेव्हलला १२ गुण मिळतात, ते जास्तीत जास्त तीन अ‍ॅट्रिब्यूटमध्ये वाटायचे, एकात कमाल ५; लकचा एक गुण मात्र ४ गुणांना. मायनर स्किलही लेव्हलसाठी धरली जातात. स्केलिंग तसंच आहे, पण वहीची गरज संपली. सोपं करावं तर असं.

स्कायरिमचे पर्क

स्कायरिमने (२०११) अ‍ॅट्रिब्यूट काढले यावर फार रडारड झाली. तिचा बराचसा भाग उगाच आहे. स्ट्रेंग्थचं एक मोठं काम ओझं वाहण्याचं होतं. आता स्टॅमिना निवडला की १० स्टॅमिनाबरोबर ५ वजन जास्त उचलता येतं. काम झालं.

पण पर्कमध्ये, म्हणजे लेव्हल वाढली की निवडायच्या खास क्षमतांमध्ये, एक खोच आहे. वन-हँडेड स्किल १५ वरून १०० वर नेलं तर तलवारीचं नुकसान जेमतेम ४० टक्क्यांनी वाढतं. 'आर्म्समन' पर्कच्या पाच पायऱ्या घेतल्या तर ते थेट दुप्पट होतं. म्हणजे खरी ताकद पर्कमध्ये, स्किल ही त्याची पात्रता. आणि कुठलंही स्किल वाढलं की लेव्हल वाढते. सुरुवातीलाच लोहारकाम, अल्केमी आणि स्पीच चढवून पर्कही तिथेच घातले, तर लेव्हल २० ला समोरचे शत्रू जड जातात. जुना सापळा पूर्ण गेला नाही, लहान झाला. उपाय सोपा: पहिल्या दहा-बारा पर्कमधले निदान सात एका शस्त्रात किंवा एका जादूशाळेत आणि एका बचावात घाला.

जे जायला नको होतं

मॉरोविंडमध्ये गिल्डची (योद्धे, जादूगार अशांच्या संघाची) बढती हवी तर अ‍ॅट्रिब्यूट आणि स्किलची किमान पातळी लागते. ती नसेल तर काम करूनही बढती मिळत नाही. ऑब्लिव्हियनने ही अट काढली. स्कायरिममध्ये तर दोन-चार प्राथमिक मंत्रांवर विंटरहोल्ड या जादूच्या कॉलेजचा आर्च-मेज, म्हणजे प्रमुख, होता येतं. उरलेली जादू कुऱ्हाडीने केली तरी कोणी विचारत नाही. इथे आकडेमोड काहीच वाचली नाही, फक्त पदाची किंमत गेली.

मंत्र बनवणंही तसंच. ऑब्लिव्हियनमध्ये बोलताना वेळ थांबते. हे ज्याच्या लक्षात येतं तो एक-दोन सेकंदांचाच, पण जोरदार चार्म (समोरच्याला खूश करणारा मंत्र) बनवतो: मुदत कमी म्हणून मॅजिका कमी लागते, आणि मंत्र टाकून लगेच संभाषण उघडलं की तेवढा वेळ पुरतो. असला शोध स्कायरिममध्ये लागूच शकत नाही, मंत्र तयार विकत घ्यायचे. मॉरोविंडमधलं लेव्हिटेशन (हवेत तरंगण्याचा मंत्र) जाण्याला निदान तांत्रिक कारण होतं: ऑब्लिव्हियनची तटबंदीची शहरं वेगळी लोड होतात, भिंतीवरून उडून आत गेलात तर खरं शहर तिथे नसतंच. तरी मॉरोविंडमधल्या टेलव्हानी जादूगारांच्या बिनजिन्याच्या मनोऱ्यांची मजा गेली ती गेलीच.

वाटेचं गणित जरा वेगळं आहे. मॉरोविंडमध्ये बाल्मोराच्या फायटर्स गिल्डमधला हासफाट अँटाबोलिस तुम्हाला आर्कन्थँडच्या अवशेषांत पाठवतो तो तोंडी खुणा सांगून: फोर्ट मूनमॉथ, मग खाईवरचा ड्वेमर पूल, आणि दार उघडायला जवळच्या पाइपवरचं चाक. यात खरंच फिरल्यासारखं वाटतं. काही क्वेस्टमधल्या (कामगिऱ्यांमधल्या) दिशा चक्क चुकीच्या आहेत हेही खरं, आणि क्वेस्टप्रमाणे लावलेली डायरी 'ट्रिब्युनल' विस्ताराबरोबर आली. त्याआधी नोंदींचा नुसता ढीग. पण स्कायरिममध्ये मार्कर बंद करून तोच अनुभव मिळेल अशी आशा धरू नका. बहुतेक संवादांत दिशाच दिलेल्या नाहीत, नुसतं ठिकाणाचं नाव असतं. मार्कर असणार हे धरूनच ते लिहिलेत.

कापून परत जोडलेलं: मास इफेक्ट

हे सगळं उलट फिरवता येतं का? 'मास इफेक्ट' बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीने फिरवून दाखवलं. मास इफेक्टच्या (२००७) पहिल्या भागात १५० वस्तूंची पोतडी भरून वाहायची आणि एकसारख्या बंदुका विकण्यात वेळ जायचा. दुसऱ्या भागाने (२०१०) पोतडीच फेकून दिली. तिसऱ्याने (२०१२) ती परत आणली नाही. शस्त्राला वजन दिलं, आणि वजनाप्रमाणे पॉवर (खास शक्ती) परत भरण्याचा वेग २०० टक्के अधिक ते २०० टक्के उणे असा हलतो. शिवाय प्रत्येक पॉवरच्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या पायरीला दोनांतून एक फाटा. आकडे थोडे, पण पॉवर लवकर भरून हव्या तर जड रायफल मागे ठेवावी लागते. मालिकेतली सगळ्यात नीट बसलेली बांधणी तीच.

मग घ्यायचा कुठला?

पहिल्यांदाच रोल-प्लेइंग खेळणार असाल, किंवा दिवसाला तासभरच मिळत असेल, तर स्कायरिम स्पेशल एडिशन. ८ जीबी रॅम आणि १२ जीबी जागेत बसतो.

स्कायरिम आवडला पण 'मी सगळ्याच गिल्डचा प्रमुख कसा?' असं वाटलं, तर मॉरोविंड. साध्या लॅपटॉपवर चालतो. मूळ गेम विकत घेऊन ओपनएमडब्ल्यू या मोफत इंजिनवर चालवा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर निभावतो.

गिल्डच्या कथा आणि मंत्र बनवणं हवं, फासे नकोत, तर ऑब्लिव्हियन रीमास्टर. मात्र किमान १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०७० टीआय किंवा आरएक्स ५७०० कार्ड आणि १२५ जीबी जागा लागते. तेवढं यंत्र नसेल तर मूळचा ऑब्लिव्हियन घ्या आणि लेव्हलिंग बदलणारा एखादा मॉड (चाहत्यांनी बनवलेला बदल) पहिल्याच दिवशी टाका. तीस तासांनी टाकलात तर चुकीचा वाढलेला माणूस सुधारत नाही.

मॉरोविंड निवडलात तर क्लास स्वतः बनवा. एकच शस्त्र मेजरमध्ये, त्याला बोनस देणारी जात, आवडत्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एन्ड्युरन्स. कचेरीतून निघाल्यावर सेयडा नीनच्या दुकानात खंजीर विकून मेजरमधलं शस्त्र घ्या, फटीगची हिरवी पट्टी भरलेली असल्याशिवाय कोणावर हात उगारू नका, आणि बाल्मोराला चालत न जाता सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी वाहणारा महाकाय किडा) पकडा.