ए.टी.व्ही.चे इंजिन दम का धरत नव्हते: रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजचा अनुभव

आमच्या हापूसच्या बागेत गेली तीन वर्षे २५० सीसीची एक ए.टी.व्ही., म्हणजे खडबडीत जागेत चालणारी जाड टायरची चारचाकी गाडी, आहे. पूर्वी समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी वापरलेली ही गाडी मी जुनी विकत घेतली आणि कातळउतारावरून आंब्याचे क्रेट व फवारणीचा पंप वाहून नेण्याच्या कामाला लावली. गेल्या हंगामाच्या तोंडावर तिने दगा दिला. सेल्फ मारताच ती सुरू होत असे, आयडलला सुरळीत चालत असे, परंतु थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे दाबला की इंजिन फटफट करू लागे, पिकअप सोडून देई आणि चढावर दहा-पंधरा मिनिटांत बंदच पडे.

शहरातील एका गॅरेजने दोन खेपांत कार्ब्युरेटर, प्लग आणि सी.डी.आय. युनिट (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलले, साडेनऊ हजार रुपये घेतले आणि गाडी होती तशीच परत दिली. त्यानंतर एका बागायतदार मित्राच्या सांगण्यावरून गाडी छोट्या हत्तीत चढवून मी रत्नागिरीपासून थोड्या अंतरावर असलेल्या या गॅरेजमध्ये नेली. जागा साधी आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी पत्र्याची शेड आणि एक लाकडी बाक.

मिस्त्रींनी पाना हातात घेण्यापूर्वी जवळजवळ अर्धा तास मला प्रश्न विचारले. गाडी थंड असताना हे होते की तापल्यावर, न्यूट्रलमध्येही होते की फक्त ओझे असताना, बंद पडल्यावर किती वेळाने पुन्हा सुरू होते, असे ते प्रश्न होते. शेवटी त्यांनी विचारले, "काका, काढलेले पार्ट टाकून दिलेत की घरी आहेत?" सुदैवाने जुना कार्ब्युरेटर आणि सी.डी.आय. मी जपून ठेवले होते.

त्यानंतरचे काम मी बाकावर बसून पाहिले आणि त्याविषयीच मला सविस्तर लिहायचे आहे. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल दिल्यावर इंजिनाची रेस दर वेळी एकाच ठिकाणी अडते आणि तिथेच तुटक फटफट करते, हे त्यांनी तीन-चार वेळा करून मला ऐकवले. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू मान टाकते, ते असे नेमक्या एका रेसवर अडत नाही, म्हणून ठिणगीच मुद्दाम तोडली जात असावी, असा त्यांचा अंदाज होता. मागे घेताना गाडी हाताबाहेर जाऊ नये म्हणून अनेक ए.टी.व्ही.मध्ये रिव्हर्स गिअरला रेस मर्यादित ठेवणारी व्यवस्था असते. त्यासाठी गिअरबॉक्सवरच्या स्विचकडून सी.डी.आय.ला संकेत मिळतो. मिस्त्रींनी त्या स्विचची वायर काढून बाजूला केली, पुन्हा थ्रॉटल दिला आणि इंजिन अडखळल्याशिवाय वरपर्यंत गेले. मल्टिमीटर लावून पाहिले तर गाडी न्यूट्रलमध्ये असतानाही तो स्विच अर्थिंग दाखवत होता, म्हणजे जोडलेलाच होता. स्विच खोलल्यावर आतली पितळी पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडलेली आणि क्षाराने चिकटून राहिलेली दिसली. म्हणजे गाडी पुढे जात असली तरी इंजिनाला ती कायम रिव्हर्समध्येच आहे असे वाटत होते.

एवढ्यावर काम संपवून बिल करता आले असते. परंतु त्यांनी बाजूच्या माळावर गाडी पळवली आणि बाराव्या मिनिटाला ती खरोखरच बंद पडली. पेट्रोल टाकीचे झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा सुस्कारा मलाही ऐकू आला आणि लगेच गाडी सुरू झाली. टाकीत हवा घेणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी तयार होत होती आणि कार्ब्युरेटरकडे पेट्रोल उतरणे थांबत होते. दोन निरनिराळे दोष एकाच वेळी असल्यामुळे लक्षणांची सरमिसळ झाली होती.

तिसरा दोष आधीच्या दुरुस्तीने आणलेला होता. पूर्ण थ्रॉटलवर पळवून, किल स्विचने एकदम बंद करून प्लग काढला तेव्हा तो कोरड्या काजळीने काळा झालेला होता, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होते. नव्या कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र, या इंजिनासाठी मोठा होता. माझा जुना कार्ब्युरेटर साफ करून बसवल्यावर पुढच्या फेरीत प्लगच्या टोकाशी कॉफीसारखा तपकिरी, म्हणजे पेट्रोल योग्य प्रमाणात जळत असल्याचा रंग आला, जो मला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहायला मिळाला.

माझा सगळा संशय २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर होता. तो त्यांनी हसण्यावारी नेला नाही. टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून तळाशी पाण्याचा थर नसल्याचे सकाळी दाखवले. इथेनॉल ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे, असेही बजावले. कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची फटही तपासली, ती व्यवस्थित होती. फोमच्या एअर फिल्टरमध्ये मात्र अजून किनाऱ्यावरची वाळू होती. तो धुऊन, वाळवून, तेल लावून बसवला.

नवा स्विच धरून बिल २,७०० रुपये झाले. कोणते काम कशासाठी केले हे त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. काम चार दिवसांचे म्हणून सांगितले होते, स्विच मागवण्यात अकरा दिवस गेले आणि मधल्या काळात त्यांच्याकडून एकदाही फोन आला नाही. हंगामात बाग उभी असताना हे फार जड जाते. सी.व्ही.टी.चा (ऑटोमॅटिक गिअरचा) बेल्ट ते स्वतः मागवत नाहीत, तो ग्राहकालाच आणून द्यावा लागतो. कॉम्प्युटर लावून तपासावी लागणारी फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर मात्र मी निःशंक मनाने तिथे पाठवीन. फक्त काढलेले जुने पार्ट सोबत घेऊन जावे आणि मार्चपूर्वी जावे.